चवथीआधीचं गवत

नमस्कार श्रोतेहो. चवथ आता जवळ आली. गणपतीच्या वर फळं-पानं बांधतो त्या माटोळीची लाकडी चौकट माळ्यावरून खाली उतरली असेल, घराला रंग लावायचा की नुसता चुना मारायचा यावर चर्चा चालू असेल, आणि अंगणात गवत गुडघ्याला लागायला आलं असेल. गवत कापणाऱ्या माणसाला फोन केला की एकच उत्तर येतं, चवथ झाल्यावर बघू. म्हणून हल्ली बरेच जण विचारतात की बॅटरीवर चालणारं, वायर नसलेलं गवताचं मशीन घरी आणावं का, आणि आणलं तर कुठलं.

आणावं, हे माझं स्पष्ट मत. फक्त निवडताना एप्रिलमधलं गवत डोळ्यांसमोर ठेवू नका, ऑगस्टमधलं ठेवा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आमच्या घरी नेमकी उलटी चूक झाली होती.

आमचं घर गोव्यातल्या माशेलला. पुढे शंभरेक चौरस मीटरची हिरवळ, कडेला चिऱ्यांचा गडगा, कोपऱ्यात बावडी आणि दोन माड. मशीन घेतलं ते एका एप्रिलमध्ये. अठरा व्होल्टचं, चार अँपिअर-तासांची एक बॅटरी, ब्लेडची रुंदी तेहतीस सेंटिमीटर. एप्रिलमध्ये गवत कसं असतं तुम्हाला माहीत आहे. सुकं, विरळ, बोटभर. एका चार्जमध्ये सगळं अंगण व्हायचं आणि बॅटरीत थोडा जीव उरायचा. पेट्रोल नको, तेल मिसळणं नको, दोरी ओढणं नको. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ झोपलेलं असतानासुद्धा मी गवत कापत असे.

मग पाऊस आला. देवकीकृष्णाच्या मैदानात आषाढातला चिखलकाला, म्हणजे चिखलातल्या खेळांचा उत्सव, झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी बेळगावला गेले, मुलीचं दुसरं बाळंतपण होतं. इकडे ह्यांचा पाय शेवाळावरून घसरून प्लॅस्टरमध्ये. मी परतले तेव्हा चवथीला आठ दिवस होते. फाटक उघडलं आणि अंगण दिसेचना. लाजाळू, तेरडा, टायकळा, आणि या सगळ्यांच्या वर गवत. मुंबईहून दीर-जावा, त्यांची मुलं मिळून चौदा माणसं यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला तशी मी मशीन बाहेर काढलं. चार हात गेले असेन, मशीन बंद. उलटं करून बघते तर आत ओल्या गवताचा गोळा, शेणाच्या गोवरीसारखा घट्ट बसलेला. काढला, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. पाच-सहा मिनिटांत लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी काढली तर हाताला चटका बसेल इतकी गरम. चार्जरला लावायला घरात गेले तर वीज नव्हती. वाटेत कुठेतरी झाड पडलं होतं. ती आली संध्याकाळी. मला रडू आलं, श्रोतेहो. इतके पैसे घातले, आणि गरज पडली तेव्हाच वस्तू उपयोगाला येईना.

सासूबाई सोप्यावर बसून हे बघत होत्या. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या. काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, कोयती घेऊन आल्या, सोबत चार काठ्या आणि सुंभाचं एक भेंडोळं. आधी त्यांनी काठीने गवतावर सपासप मारत सगळ्या अंगणाला एक फेरी घातली. पाच-सहा बेडूक उड्या मारत गेले, आणि बावडीकडून एक चांगली हातभर पाणदिवड निघाली आणि गडग्याच्या फटीत शिरली. मी तिथेच तर मशीन घेऊन उभी होते! मग त्यांनी बावडीजवळच्या एका तुकड्याभोवती चार काठ्या रोवल्या आणि सुंभ बांधलं. तिथे दूर्वा होत्या. मला त्या वेगळ्या दिसल्याच नव्हत्या. माझ्या लेखी ते सगळं गवतच होतं. त्या म्हणाल्या, "हें देवाचें. हांगा तुजें मशीन हाडूं नाका." हे देवाचं, इथे तुझं मशीन आणू नको.

आणि मग म्हणाल्या, "पयलीं वयर वयर काप गो. सगळें एका फावटी कापूं नाका." म्हणजे आधी वरवर काप, सगळं एकाच वेळी कापू नको.

त्या दिवशी आम्ही दोघींनी कोयत्या चालवल्या. गवत साधारण वीतभर ठेवलं. कापलेलं सगळं गोळा करून माडांच्या आळ्यात टाकलं. दुसरा दिवस मध्ये जाऊ दिला. तिसऱ्या दिवशी दहा वाजता छान ऊन पडलं, अकरानंतर पाती सुकली, तेव्हा मशीनची उंची सगळ्यात वर ठेवून एक हात फिरवला. आणखी दोन दिवसांनी उंची एक घर खाली आणून दुसरा हात. तेच मशीन, तीच बॅटरी, तेच अंगण. एकदाही अडकलं नाही. चवथीच्या आदल्या दिवशी मुलं त्या हिरवळीवर अनवाणी धावत होती, आणि गणपतीच्या एकवीस दूर्वा आमच्याच अंगणातल्या होत्या.

आता मशीन कसं निवडायचं ते सांगते.

दुकानात पेटीवर मोठ्या अक्षरात व्होल्ट लिहिलेले असतात. कुठे अठरा, कुठे वीस. दोन्ही एकच. लिथियमच्या पाच सेलची बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा वीसच्या आसपास असते, काम करताना अठरा. तसंच छत्तीस आणि चाळीस. म्हणून नुसत्या व्होल्टवर जाऊ नका. व्होल्टना अँपिअर-तासांनी गुणा. १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-तास. ३६ गुणिले २, तेही ७२. ३६ गुणिले ४ म्हणजे १४४. बॅटरीच्या टाकीत किती आहे ते हा आकडा सांगतो. पुन्हा सांगते, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. मात्र टाकी सारखी असली तरी ओल्या, दाट गवतात छत्तीस व्होल्टचं मशीन बरं. तितक्याच ताकदीला त्याला निम्मा करंट पुरतो, त्यामुळे तापणं कमी. आज घ्यायचं असतं तर मी छत्तीस व्होल्टचं, ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेल्या मोटरचं घेतलं असतं आणि ब्लेडची रुंदी तीच ठेवली असती. रुंद ब्लेड लहान अंगणात वळवताना त्रास देतं आणि बॅटरीही लवकर संपवतं.

दुसरी बॅटरी मशीनसोबतच घ्या. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. आणि शक्यतो अशी बॅटरी घ्या, जी त्याच कंपनीच्या दांड्याच्या ग्रास कटरलाही बसते. गडग्याच्या कडेला, माडाच्या बुंध्याशी, उतारावर चाकांचं मशीन पोचत नाही, तिथे तो कटर लागतोच.

समुद्राजवळ राहत असाल, कळंगुट, मोरजी, बाणावली अशा ठिकाणी, तर खालचं कवच पत्र्याचं नको, चांगल्या जाड प्लास्टिकचं घ्या. खारा वारा पत्रा खातो. आणि काम झाल्यावर पाइपाने धुऊ नका. बॅटरी काढा, किल्ली असेल तर तीही काढा, मगच उलटं करून लाकडाच्या चिपाटीने गवत खरवडा. आधी बॅटरी काढा, मग ब्लेडला हात. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पातीच्या उंचीचा एक तृतीयांश, त्याहून जास्त एका वेळी कापायचं नाही. नऊ सेंटिमीटर झालं की सहावर आणायचं. पावसात त्यासाठी दर पाच-सहा दिवसांनी मशीन फिरवावं लागतं. तेवढं जमणार नसेल तर कोयती हाताशी ठेवा.

जाता जाता दोन गोष्टी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. गवताचा त्रास नको म्हणून अंगणभर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घालणारे वाढले आहेत. कृपा करून घालू नका. आपल्या जांभ्या मातीत पाऊस झिरपतो म्हणून बावडीला पाणी असतं. ते पाणी रस्त्यावर सोडून मे महिन्यात टँकर मागवायचा, याचं मला फार वाईट वाटतं. आणि दुसरं, बेडूक. पहिल्या पावसात विजेऱ्या घेऊन शेतात बेडूक धरायला जाणारे अजूनही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बेडूक मारायला बंदी आहे. तुमच्या अंगणातले डास आणि किडे तोच बेडूक खातो. मशीन चालू करण्याआधी काठी आपटत एक फेरी मारा. बेडूक वाचेल, आणि गवतात फुरसं असेल तर तुमचा पायही वाचेल. पायात बूट हवेतच, चप्पल नको.

बॅटरी गरम असताना चार्जरला लावू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उन्हाळ्यात महिना-दोन महिने मशीन लागणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरून न ठेवता अर्धी भरलेली ठेवा, कोरड्या कपाटात.

पण ते उन्हाळ्याचं. सध्या तुमच्याकडे मशीन असेल तर आज रात्रीच, वीज आहे तोवर, दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून घ्या. आणि उद्या ऊन पडलं तर मशीन काढण्याआधी अंगणात दूर्वा कुठे आहेत ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून तिथे चार काठ्या रोवा. नमस्कार.