"मला सायन्स फिक्शन कळत नाही" म्हणणाऱ्याला वाचायला काय द्यायचं?

(टेबलावर तीन जाडजूड खंड. शेजारी एक पातळ पुस्तक, बटर पेपर, कात्री.)

नमस्कार. हे एका फँटसी कादंबरीचे तीन खंड बघा. माझे अत्यंत लाडके. सुरुवातीला नकाशा, शेवटी चार पानांची वंशावळ. दोन वर्षांपूर्वी यातला पहिला खंड मी माझ्या मावशीला दिला. मावशी आठवड्याला दोन पुस्तकं संपवते, वाचनालयात तिचं नाव विचारावं लागत नाही. तीन आठवड्यांनी खंड परत आला, कापडी पिशवीत नीट गुंडाळून. आत अडतीसाव्या पानावर एसटीचं तिकीट. म्हणाली, "अगं, चांगलं असेल गं, पण कोण कुणाचा कोण हेच लागेना. हे सायन्स फिक्शन, फँटसी माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मला फार वाईट वाटलं. कारण चूक तिची नव्हती, देणाऱ्याची होती. तिनं अख्ख्या साहित्यप्रकाराला दार लावून घेतलं, आणि ते मी लावायला लावलं.

आता बघा, नेहमीच्या कादंबरीत लेखक नुसतं "चाळीतली संध्याकाळ" म्हणाला की बाकीचं चित्र आपण आपल्या पदरचं भरतो. नळ, कठडे, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. फँटसीत ही सोय नसते. देव नवे, पैसे नवे, माणसांची नावं नवी. हे प्रकार सवयीनं वाचणारा माणूस न कळलेला शब्द बाजूला ठेवून पुढे जातो. पुढे कधीतरी अर्थ लागेल असा त्याला भरवसा असतो. हा भरवसा जन्मजात नसतो. चार-दोन वेळा लेखकानं शब्द पाळलेला अनुभवावा लागतो, तेव्हा तो येतो. आणि तो अनुभव एका बैठकीत देते ती कथा. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: नव्या वाचकाला खंड देऊ नका, कथा द्या.

या बाबतीत आपण मराठी वाचक खरंच श्रीमंत आहोत. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा, दिवाळी अंक, यांमुळे आपल्याकडे विज्ञानकथा प्रामुख्यानं कथा म्हणूनच वाढली. १९७४ साली या स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. आता ही आद्याक्षरं उलटी वाचा. ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर! नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून टोपणनाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा लिहून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ आपली कथा निव्वळ कथा म्हणून वाचली जावी यासाठी एवढी काळजी घेतो, हे मला आजही हलवतं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा मी पहिल्यांदा हेच पुस्तक कपाटातून काढलं.

(पातळ पुस्तक हातात घेऊन)

'यक्षांची देणगी'. मावशीला मी यातली एकच कथा वाचायला सांगितली. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. विज्ञान आहे असं बोललेच नाही. तिला इतिहास आवडतो, एवढं मला ठाऊक होतं.

पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईला येतात, आणि ती मुंबई ओळखीची असून ओळखीची नाही. तिथं ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे! प्राध्यापक गडबडतात, पण इतिहासकाराचं डोकं जागं असतं. ते थेट टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि इतिहासाचे खंड काढून बसतात. कुठपर्यंत सगळं आपल्यासारखंच आहे, आणि कुठून वेगळं झालं? शोधत शोधत ते पोचतात १४ जानेवारी १७६१ वर. पानिपत. त्या जगात मराठे जिंकलेले आहेत.

का जिंकले? आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली आणि फौजेचा धीर सुटला. त्या इतिहासात गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. फरक केवढा? बोटभर. प्राध्यापकांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचं एक पान राहून जातं, आणि परत आल्यावर तेच हाती पुरावा म्हणून उरतं. हे सगळं झालं कसं, याचं उत्तर शेवटी भौतिकशास्त्र देतं, आणि ते मी सांगणार नाही.

मावशीचा फोन रात्री पावणेअकराला आला. मावशी दहाला झोपते. "अगं, ती गोळी! कानाला घासून गेली गं नुसती!" पुढे वीस मिनिटं ती नुसत्या शक्यतांवर बोलत होती. पानिपत जिंकलं असतं तर, माधवराव लवकर गेले नसते तर. मराठी घरात हे 'तर' पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातंय. नारळीकरांनी त्या 'तर'ला विज्ञानाचा पाया दिला. जाता जाता सांगते, हीच कथा 'द ॲडव्हेंचर' या नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आहे. घरात अकरावीचं मूल असेल तर दोघांनी मिळून वाचा.

दुसरी कथा, नारळीकरांचीच, 'उजव्या सोंडेचा गणपती'. हिच्यातली गंमत कळावी म्हणून हा कागद. बटर पेपरची लांब पट्टी कापली. एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवलं. ही मोबियसची पट्टी. आता पट्टीवर डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढते. पट्टी सरकवत त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, सगळे डाव्या सोंडेचे. पूर्ण फेरी मारून पहिल्यापाशी आले. आणि हा शेवटचा आरपार बघा. पहिल्याच्या शेजारी... सोंड उजवीकडे! मी काही उलट काढलं नाही, पिळानं ते केलं. आठवीतल्या पोरांना आधी ही पट्टी करायला द्या, मग पुस्तक. ती मागूनच घेतील.

आता शिफारस करताना एक सवय सोडा. "तुला कुठला प्रकार आवडतो?" हे विचारू नका. त्याचं उत्तर नुसतं लेबल असतं. "शेवटचं जागून काय वाचलंस?" हे विचारा. समोरची म्हणाली की बायकांच्या आयुष्यावरच्या कादंबऱ्या, तर तिला बेगम रोकेया यांचं 'सुल्तानाज ड्रीम' द्या. १९०५ सालचं, बंगालमधल्या मुस्लिम बाईनं इंग्रजीत लिहिलेलं. त्यात पुरुष पडद्यात आहेत, बायका राज्य चालवतात आणि सूर्याची उष्णता एकवटून लढाई जिंकतात. पानं मोजकीच, एका दुपारचं काम.

आणि फँटसी? जी. ए. कुलकर्णींची 'इस्किलार' वाचलेला माणूस मला येऊन सांगतो की मी फँटसी वाचत नाही, तेव्हा मी त्याला म्हणते, वाचलीस की! इंग्रजी वाचणारा असेल तर मी उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' देते. १९६८ चं, मोठ्या खंडांच्या मानानं अगदी सडपातळ. त्या जगात प्रत्येक गोष्टीला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं, त्याची तिच्यावर सत्ता. म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवापाड जपतात. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे आजी येते. रात्री साप म्हणायची नाही, 'जनावर' म्हणायची. आजोबांचं नाव उखाण्याशिवाय तिच्या तोंडून कधी आलं नाही. नावात ताकद असते हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. एवढं सांगून पुस्तक हातात ठेवलं की वाचणाऱ्याला ते परकं वाटत नाही.

सांगताना मात्र पहिली गाठ तेवढी सांगा. पुढचं सांगायचा मोह होतो, मलाही होतो, आवरा. आणि पुस्तक परत आलं तर कुठल्या पानावर थांबलात ते जरूर विचारा. मावशीच्या अडतीसाव्या पानानं मला जे शिकवलं ते कुठल्या परीक्षणानं शिकवलं नव्हतं. तिथं वीस ओळींत अकरा नवी नावं होती. मी मोजली.

जुने संग्रह दुकानात नेहमी मिळतीलच असं नाही. वाचनालयात मागणी नोंदवा, आणि घरातले जुने दिवाळी अंक रद्दीत घालण्याआधी अनुक्रमणिका बघा. 'नवल', 'धनंजय' अशा अंकांत कितीतरी विज्ञानकथा आणि गूढकथा आल्या. मावशीच्या माळ्यावर सुतळीनं बांधलेले तीन गठ्ठे आहेत. या रविवारी आम्ही दोघी ते उतरवतोय. त्यात जे सापडेल, ते पुढच्या व्हिडिओत तुमच्यासमोर उघडते.