विसरण्याच्या वीस वर्षं आधी

मागच्या आठवड्यात बर्डीवरचे एक काका ओपीडीत आले. वय ६८, हिशेब चोख, रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातात. म्हणाले, "डॉक्टर, माझी आई शेवटी शेवटी मलाच ओळखत नव्हती. आता अल्झायमरची रक्ताची टेस्ट निघाली म्हणे, लक्षणांच्या आधीच सांगते. मला लिहून द्या." मी लिहून दिली नाही. इथे धरमपेठेत बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात हीच टेस्ट असेल, म्हणून सगळं नीट सांगतो.

आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका मृत स्त्रीच्या मेंदूत जे पाहिलं, त्याच दोन गोष्टी आजही आम्ही शोधतो. पेशींच्या बाहेर साचलेलं अमायलॉइड आणि पेशींच्या आत गुंतलेलं टाऊ, ही दोन प्रथिनं. पुढे कितीतरी दशकं हे माणूस गेल्यावरच पक्कं कळायचं. मग पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून कळू लागलं, मेंदूच्या पेट स्कॅनवर दिसू लागलं. कोलंबियात काही कुटुंबांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथे चव्वेचाळिशीच्या आसपास विसरायला सुरुवात होते. त्यांचे स्कॅन केले तेव्हा अमायलॉइड अठ्ठाविशीतच साचू लागलेलं दिसलं. सोळा वर्षं आधी! आपल्यासारख्यांच्या उतारवयातल्या आजारातही ही साठवण पंधरा-वीस वर्षं मुकाट चालते.

आता या साठवणीची खूण रक्तात सापडते. पी-टाऊ २१७ हे टाऊचंच एक रूप, ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. दंडातून काढलेल्या चमचाभर रक्तावरून मेंदूतली साठवण ओळखता यावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मग काकांना नाही का म्हटलं? कारण अमायलॉइड असलेली कितीतरी माणसं शेवटपर्यंत शहाणीसुरती राहतात. टेस्ट साठवण सांगते, नशीब सांगत नाही. किडनी अधू असली तरी हा आकडा चढतो. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा रक्ततपासणीला मंजुरी मिळाली, तीही तक्रार असलेल्या, ५५ वर्षांवरच्या माणसांसाठी. लेकॅनेमॅब हे औषध आजाराच्या सुरुवातीला दिलं, तर अभ्यासात दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. काहींच्या मेंदूला सूज आली, रक्तस्रावही झाला. ज्याला काहीच होत नाही, त्याला देण्यासाठी मंजूर झालेलं औषध आज नाही. अशा माणसाच्या हाती पॉझिटिव्ह रिपोर्ट दिला, तर किल्ली हरवली की त्याची रात्र जाते. हे मला मान्य नाही.

पण तक्रार असेल तर थांबू नका. एक काकू आल्या होत्या. चाळीस हिवाळे सांबारवडी करणारा हात. त्या दिवशी पारी लाटून झाली, सांबार म्हणजे कोथिंबीर निवडून, चिरून, कोरडा करून ठेवलेला, खसखस-खोबरं भाजलेलं, आणि पुढे काय करायचं ते आठवेना. पारी ओट्यावर वाळत राहिली. त्यांनी मुलांना सांगितलं नाही. त्यांच्या यजमानांनी बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी घेऊन आले. अशा वेळी आधी बी १२ आणि थायरॉइड बघायचं, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का विचारायचं, मन उदास आहे का ते बघायचं. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं असतं. त्यात काही सापडलं नाही, तर पी-टाऊ २१७ खरंच कामाचं. काकूंचं बी १२ फार कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत, तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची चाचणी पुन्हा घेणार आहे. पी-टाऊसाठी रक्ताचा दुसरा नमुना लागेल की नाही, ते तेव्हा ठरवू.

आणि बर्डीवरचे काका. आईची आठवण काढताना त्यांचा आवाज चढला होता, आणि माझं बोलणं ते दोनदा विचारत होते. म्हणून कानाची तपासणी लिहून दिली. ऐकू कमी येणं आणि चढलेलं बीपी, दोन्हींनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. बीपी तिथेच मोजलं. वरचा आकडा १६८. पाच वर्षांत कधी मोजलंच नव्हतं म्हणाले. गोळी सुरू केली आहे, मंगळवारी परत बोलावलं आहे.