जन्माच्या चित्रात मरणाच्या खुणा

नमस्कार मंडळी. येशूजन्माचं चित्र म्हटलं की गोठा, बाळ, मरिया, मेंढपाळ, वर देवदूत, सगळा आनंदीआनंद असंच आपल्याला वाटतं, पण युरोपातली जुनी चित्रं जरा थांबून बघा, त्या आनंदात मरणाच्या खुणा पेरलेल्या असतात आणि त्या अगदी मुद्दाम. मागी लोकांनी, म्हणजे बाळाला बघायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांनी, आणलेला गंधरस घ्या ना, तो प्रेताला लावायचा पदार्थ, आणि आणलाय कुठे तर बाळंतिणीकडे! रोजियर व्हॅन डर वेडन या चित्रकाराने तर एका चित्रात गोठ्याच्या मधल्या खांबावर चक्क क्रूस टांगलाय, खाली बाळ आईच्या मांडीवर.

पण आज मला बोलायचंय ते हॉस्पिटलसाठी काढलेल्या दोन चित्रांबद्दल.

पहिलं ह्युगो व्हॅन डर गोस या चित्रकाराचं, १४७५ च्या सुमाराचं. ब्रुज शहरात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या बँकेचं काम बघणाऱ्या तोमासो पोर्तिनारीने ते करून घेतलं, आणि १४८३ ला ते फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा हॉस्पिटलच्या चर्चमध्ये पोचलं. यात बाळ गव्हाणीत नाहीये, उघडंनागडं नुसत्या जमिनीवर आहे आणि मरियेच्या चेहऱ्यावर हसू नाही. पुढ्यात गव्हाची पेंढी, म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीतली भाकर, म्हणजेच येशूचं शरीर. शेजारी आयरिसची फुलं, पानं तलवारीसारखी, बाळाला मंदिरात नेलं तेव्हा म्हाताऱ्या शिमोनाने मरियेला सांगितलेलं ना की तुझ्या काळजातून तलवार जाईल, ती ही तलवार. आणि फुलं खोचलीत कशात, तर औषधं ठेवायच्या बरणीत. तिथल्या आजारी माणसाला ती बरणी ओळखीचीच असणार.

दुसरं ग्रुनेवाल्ड या चित्रकाराचं, १५१२ ते १५१६ मधलं, इझेनहाइमच्या मठासाठी. तिथे सेंट अँथनीच्या आगीचे रोगी यायचे, राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीमुळे हा आजार व्हायचा, अंगाची लाही लाही व्हायची, हातपाय काळे पडून गळायचे. वेदी म्हणजे इथे चर्चच्या पूजास्थानावर उभी केलेली, दारांसारख्या उघडणाऱ्या फळ्यांवरची चित्रं. एरवी या वेदीची दारं बंद असायची आणि त्यावर दिसायचा क्रूसावरचा येशू, अंगभर काटे रुतलेले, कातडी हिरवट पडलेली, बोटं वेदनेने ताणलेली, आणि कमरेला एक चिंध्या झालेलं फडकं. ते फडकं नीट बघून ठेवा. सणावाराला दारं उघडली की आत मरिया बाळ घेऊन बसलेली, मागे आंघोळीचं टब, पाळणा, अगदी मुलाचं शी-शूचं भांडंसुद्धा, आणि बाळ ज्यात धरलंय ते कापड तसंच फाटकं, तशाच चिंध्या! दुपटं म्हणून जे आलं तेच मरताना अंगावर. मला तरी यापुढे कुठलंही पोथीतलं विवेचन फिकं वाटतं.

आणि त्याच उघड्या दारावर उजवीकडे थडग्यातून वर जाणारा येशू आहे, कफन मागे लोंबतंय आणि रंग बदलत बदलत पार लाल-पिवळं होतंय, अंगावरचे काटे, फोड सगळे गेलेत, खिळ्यांच्या जखमा तेवढ्या राहिल्यात. सडणारं अंग घेऊन समोर बसलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट असेल!

आज ही वेदी फ्रान्समध्ये कोलमारच्या म्युझियममध्ये आहे, फळ्या सुट्या करून मांडल्यात, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच फेरीत बघता येतात. त्या रोग्यांना मात्र आतलं चित्र बघायला सणाची वाट बघावी लागायची.