बाहेरच्या डिस्कवरून संगणक सुरू करताना

मंडळी, लॅमिंग्टन रोडवरून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणायची, ऑपरेटिंग सिस्टीमच्या सगळ्या फायली तिच्यावर कॉपी करायच्या आणि संगणक सुरू झाला नाही की डिस्कलाच दोष द्यायचा, असं पुष्कळांचं होतं. डिस्क ठणठणीत असते. पण नुसत्या फायली असून भागत नाही. संगणकाला अगदी सुरुवातीला, ठरलेल्या जागी, एक छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, सापडावा लागतो.

संगणक चालू करताच मदरबोर्डवरचा जो प्रोग्राम सगळ्यात आधी चालतो, त्याची जुनी पद्धत म्हणजे बायोस. बायोसच्या संगणकात ती जागा म्हणजे डिस्कचा पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर. त्यात ४४६ बाइट प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला आणि शेवटचे दोन खुणेला. एवढ्याशा तक्त्यात साधारण दोन टेराबाइटच्या पुढचा पत्ता लिहिताच येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कला जीपीटी हा नवा, मोठा तक्ता लागतो.

आता बहुतेक संगणक यूईएफआयचे, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचे आहेत. त्यांना फॅट३२ पद्धतीचं एक छोटं पार्टिशन हवं असतं. आतल्या डिस्कवरचा बूटलोडर कुठे आहे, याची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते. तुमची डिस्क दादरहून ठाण्याला भावाच्या लॅपटॉपला लावली, की तिथे ती नोंद नसते. मग तो लॅपटॉप एकाच ठरलेल्या ठिकाणी बघतो: 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'बूट', त्यात 'बूटएक्स६४' ही फाइल. ती असेल तर डिस्क अशा बहुतेक संगणकांवर चालेल.

इथेच सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बाहेरच्या डिस्कवर टाकताना काही इन्स्टॉलर बूटलोडर मात्र घरच्या आतल्या डिस्कवर ठेवून देतात. डिस्क काढली की घरचा संगणक अडतो, आणि ती दुसरीकडेही चालत नाही. शक्य असेल तर त्या वेळेपुरती आतली डिस्क सोडवून ठेवा. नाहीतर बाहेरच्या डिस्कवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करा आणि लिनक्सचा बूटलोडर बसवणारी 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा चालवताना 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्या. फाइल त्या ठरलेल्या ठिकाणीच जाते.

विंडोजचा नेहमीचा सेटअप यूएसबी डिस्कवर बसायला नकार देतो. बाहेरच्या डिस्कवरून विंडोज चालवायची 'विंडोज टू गो' ही सोय मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढून टाकली. रूफस नावाचा प्रोग्राम वापरून अजूनही जमवता येतं, पण रोजच्या कामाला मी लिनक्सच सुचवेन.

हे आत्ता सांगायचं कारण असं, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार (सपोर्ट) संपला. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे कितीतरी चांगले संगणक आपल्या घरांत आहेत. ते भंगारात जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. आतल्या डिस्कला हात न लावता, बाहेरच्या डिस्कवर लिनक्स महिनाभर वापरून बघता येतं. मात्र बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल, तर सिक्युअर बूट (फक्त खात्रीचा बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सेटिंग) बदलल्यावर संगणक ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधी कागदावर उतरवून घ्या आणि मगच सेटिंग बदला.