माग थांबले की

(पडद्यावर: वडगावातली गल्ली, दुपार. यंत्रमागांची खटखट.)

बेळगावच्या वडगावात लाईट गेल्याचं कळायला दिव्याकडे बघावं लागत नाही. माग थांबतात. सकाळपासून गल्लीभर चाललेली खटखट एकदम तुटते, आणि मग कुकरची शिट्टी, शेजारच्या अज्जींनी नातवाला कन्नडमध्ये मारलेली हाक, सगळं स्वच्छ ऐकू येतं.

याच गल्लीत आमचं घर. सोप्यात टीव्हीखालच्या फळीवर एक काळा डबा दिसतोय ना, तो एका ऑफिसातून निघालेला कॉम्प्युटर आहे. विंडोज 10 ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 साठी याचा प्रोसेसर जुना ठरला. यंत्र मात्र धडधाकट होतं. भंगारात घालायला माझं मन होईना, म्हणून त्याचं टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र केलं.

(डबा उघडलेला. ग्राफिक्स कार्ड बसवताना हात.)

ऑफिसच्या डब्यातला पॉवर सप्लाय बेताचा असतो. म्हणून गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड घेतलं ते एएमडीचं आरएक्स 6400. त्याला 53 वॉट पुरतात, वेगळी वायर लागत नाही, आणि ते बुटक्या डब्यात बसतं. एएमडीच्या कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या खुल्या प्रणालीत आधीपासूनच असतात, तेवढा शोधाशोधीचा ताप वाचला. त्यावर टाकली बझाइट नावाची प्रणाली. ती फेडोरा लिनक्सवर उभी आहे, फुकट आहे, आणि चालू केली की थेट गेमचा पडदा समोर येतो, स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर येतो तसाच. पहिल्या दिवशी कीबोर्ड लागला. नंतर तो कपाटात गेला, तो अजून तिथंच आहे.

(भाचा कंट्रोलर हातात घेऊन. पडद्यावर खेळांची रांग.)

भाच्याचा पहिला प्रश्न होता, "मामा, विंडोजचे गेम लिनक्सवर कसे चालतात?"

मी त्याला म्हटलं, आपली आजी बाजारात काय करायची ते आठव. दुकानदार कन्नडमधून बोलायचा, गावाकडनं आलेल्या आत्याला कन्नड येत नसे. आजी मधे उभी राहायची, इकडचं तिकडं पोचवायची, आणि सौदा व्हायचा. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन हेच करतं. ते खोटं विंडोज उभं करत नाही. गेमनं विंडोजला घातलेली हाक ते ऐकतं आणि लिनक्सला कळेल अशा शब्दांत पुढं देतं. त्यातला चित्रांचा दुभाषा वेगळा आहे, डीएक्सव्हीके. गेम डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या चित्रभाषेतून बोलतो, आणि हा ते व्हल्कन या लिनक्सला कळणाऱ्या चित्रभाषेत सांगतो.

या दुभाषाच्या मागं फार वर्षांची मेहनत आहे. प्रोटॉनचा पाया असलेलं वाइन, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं, 1993 पासून घडतंय. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं दिवाणखान्यात लिनक्स आणायचा पहिला प्रयत्न केला तो 2013 सालच्या स्टीमओएस या प्रणालीनं. 2015 मध्ये ती प्रणाली असलेली स्टीम मशीन विकायला आली, पण लिनक्सवर चालणारे गेमच थोडे, म्हणून ती फारशी कुणी घेतली नाहीत. 2018 मध्ये प्रोटॉन आलं, 2022 मध्ये स्टीम डेक, आणि मग कुठं हा रस्ता रुळला. यातलं पुष्कळ काम खुलं आहे, कुणालाही वाचता येतं, वापरता येतं. माझ्या घरातला टाकाऊ डबा त्या कामावर चालतो, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञ वाटतं.

सगळेच गेम चालतात असं नाही. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही. फसवणूक पकडणारी त्यांची व्यवस्था लिनक्सला दार उघडत नाही. भाचा दोन दिवस रुसला होता. सिनेमांच्या बऱ्याच पैसे भरून घ्यायच्या सेवाही लिनक्सवरच्या ब्राउझरला पूर्ण स्पष्ट चित्र देत नाहीत. आणि टीव्हीचा रिमोट या डब्याला चालत नाही, कारण कॉम्प्युटरच्या एचडीएमआयमधून रिमोटचे इशारे सहसा जातच नाहीत. टीव्ही रिमोटनं लावायचा, बाकी सगळं कंट्रोलरवर.

(माग थांबतात. पडदा काळा. काही क्षण शांतता.)

आता मला खरं सांगायचंय ते हे. घरातला इन्व्हर्टर दोन दिवे आणि एक पंखा ओढतो, डब्याला तो पुरत नाही. त्यामुळं लाईट गेली की डबा जागच्या जागी बंद. अपडेट अर्ध्यात असताना असं झालं की कॉम्प्युटर पुन्हा उठेल का, ही धास्ती मी वर्षानुवर्षं घेतलीय. बझाइटमध्ये चालू प्रणालीला हातच लागत नाही. मागावरचं कापड विणून होतंय तोवर शेजारी ताण्याच्या सुताचा नवा बीम भरून ठेवावा, तशी नवी प्रत वेगळी तयार होते, आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावरच वापरात येते. मधेच लाईट गेली तर जुनी प्रत शाबूत. नवी बिघडलेली निघाली तर सुरुवातीच्या यादीतून कालची निवडायची. खेळातलं न साठवलेलं मात्र जातं, त्याला इलाज नाही.

बायोसमध्ये, म्हणजे प्रणालीच्या आधी जागणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आणखी एक सेटिंग असतं, वीज परतली की यंत्र आपोआप सुरू होण्याचं. ते मी लावून ठेवलंय. फार कुणी त्याचं कौतुक करत नाही, पण आमच्याकडं सगळ्यात कामाला येतं ते तेच.

(संध्याकाळ. सोप्यात पोरं दाटीवाटीनं.)

संध्याकाळी गल्लीतली पोरं येतात. सुपरटक्सकार्ट हा फुकटचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, एकाच पडद्याचे चार तुकडे करून चौघं खेळतात. एक ओरडतं "नोडो, नोडो!", दुसरं "बघ की, बघ की!" आणि गाडी दोघांचीही खड्ड्यात.

पोरं गेली की डबा आईचा. त्यावर कोडी आहे, सिनेमे आणि फोटो दाखवणारं. कोडीचा जन्मच मुळी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर झाला, 2014 पर्यंत त्याचं नावही एक्सबीएमसी होतं. स्टीमच्या यादीत मी ते बाहेरचं अ‍ॅप म्हणून जोडून दिलंय. आई कंट्रोलरवरची दोनच बटणं शिकलीय, तेवढ्यावर तिचं भागतं. ताईच्या लग्नाची डीव्हीडी हार्डडिस्कवर उतरवून ठेवलीय, ती आई लावते. त्यात आजी आहे.

व्हिडिओ नीट थांबवला तर कोडी जागा लक्षात ठेवतं. लाईट गेली तर नाही.

(रात्र. अंधार. मग एक माग सुरू होतो, दुसरा, तिसरा. टीव्हीखाली डब्याचा बारीक दिवा लागतो.)

आई स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि कंट्रोलर माझ्या हातात देते.

"सदतिसाव्या मिनिटाला ने. आजी अक्षता टाकायला उठतीय बघ."