दिवा कुणी मालवला?

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी विषय कळवला होता, 'कथेतले लैंगिक संबंध कसे लिहावेत'. आयोजकांचा फोन आला, "सर, ज्येष्ठ नागरिक येतात, 'प्रणय' करू या का?" म्हटलं, करा. आता बघतो तर पहिल्या तीन रांगा ज्येष्ठांच्याच आहेत, आणि या विषयातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

अश्लील काय नि श्लील काय, यात मी शिरणार नाही. ते भांडण आपल्याकडे थोरामोठ्यांनी भांडून ठेवलंय. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत लैंगिक विषयांवर उघड बोलणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर, तरी शिक्षा झालीच. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात, अश्लीलतेच्या खटल्यात अडकली, आणि सुटली १९६९ साली, थेट सर्वोच्च न्यायालयात. तिथं न्यायालय म्हणालं, कादंबरीत लैंगिक उल्लेख आला की ती पोरांना वर्ज्य, असं धरलं तर पोरांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. (आमच्या गावचे पुराणिकबुवा यावर गालातल्या गालात हसले असते.)

माझी तक्रार वेगळी आहे. ती दिव्याबद्दल आहे.

मी पंचविशीत असताना एका दिवाळी अंकाकडे कथा पाठवली. गावातली शिक्षिका, तिच्याकडे येणारा एक टायपिस्ट. सातव्या पानावर ती दोघं जवळ येतात. संपादकांचं पत्र आलं: "कथा उत्तम. पान सात जरा सूचक करावे." सूचक म्हणजे काय हे त्या काळी कुणाला विचारावं लागत नसे. मी रात्रभर बसून सूचक केलं. वारा आला. दिवा मालवला. बाहेर पागोळ्या गळू लागल्या. एक वीजही चमकवली होती, पण मग दिवा मालवून उपयोग काय, म्हणून खोडली. पुढं तीन टिंबं, आणि एकदम सकाळ. कोंबडं आरवलं की नाही आठवत नाही, आरवलंच असेल.

कथा छापून आली. आईनं वाचली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलली. मेहुण्यानं विचारलं, "अनुभवाचे बोल का?" आणि महिन्याभरानं एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं, दोनच ओळी: "दिवा कुणी मालवला ते कळले नाही. तिला ते हवे होते का?"

मी हादरलो. कारण मूळ पानावर तीच उठली होती. तिनंच दाराला कडी घातली, तिनंच त्याला "बस" म्हटलं, आणि काचेवर हात धरून दिवा तिनंच फुंकला. ते सगळं मी वाऱ्यावर ढकललं होतं! सभ्यपणासाठी मी तिची इच्छाच कापून टाकली. आता त्या तीन टिंबांत काय झालं असेल ते सांगायला कुणी उरलं नाही. प्रेम झालं असेल, जबरदस्तीही झाली असेल. पागोळ्या दोन्हीला तशाच गळतात. बाईंना उत्तर लिहायचं धाडस मला झालं नाही. पत्ता खाली नीट लिहिलेला होता.

चिठ्ठी आली. "पाच मिनिटे." अहो, मुख्य भाग राहिलाय! बरं, भराभर सांगतो.

पडदा टाका, खुशाल टाका. पण आधी दोघांचं मन दिसू द्या. त्याला पानभर संवाद नको, कडी कुणी घातली एवढं पुरतं. आणि तो 'लटका नकार' आता निवृत्त करा. पात्र नाही म्हणत असेल तर ते नाहीच आहे, असं धरून पुढचं वाक्य लिहा.

वय. कायदा अठराचं म्हणतो. पण मी कायद्याचं नाही, विशेषणांचं म्हणतोय. 'अल्लड', 'उमलती' म्हणत कोवळ्या पोरीच्या अंगावर रसाळ परिच्छेद लिहायची आपल्याला खोड आहे. तिथं लेखणी खाली ठेवा.

अत्याचाराचा प्रसंग प्रणयाच्या शब्दकोशातून लिहू नका. तिथं डोळे तिचे हवेत, बघणाऱ्याचे नकोत.

शब्दांची पंचाईत खरीच आहे. एक तर डॉक्टरी संस्कृत, नाहीतर शिवी. त्या घरात, त्या दोघांत जे बोललं जातं ते वापरा. प्रत्येक जोडप्याचे स्वतःचे शब्द असतात. पुढच्या रांगेतले हसताहेत, म्हणजे असतात.

आणि परिणाम! कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं होऊन गेली, पण आमच्या नायिकेला अजून पहिल्याच भेटीत दिवस जातात, आणि नायक काही औषधाच्या दुकानात जाऊन कंडोम मागत नाही. तो मागतानाचा नायक लिहून बघा, काउंटरवर नेमके ओळखीचे काका उभे आहेत असा. दोन पानांत माणूस कळतो. मी लिहिलाय, पण तो वाचून दाखवायला...

हो हो, थांबतो. चहा गार होतोय म्हणे.