आधी बूच बघा, मग दोर सोडा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. उतरवण्याआधीच्या त्या एका सकाळीबद्दल मला होडीवाल्या भावांशी बोलायचं आहे.

पाणी आत शिरायला खडकच लागतो असं नाही. होडीला भोकं आपणच ठेवलेली असतात. मागच्या फळीत, तळातलं पाणी काढायच्या बुचाचं, इंजिन थंड ठेवणारं पाणी घ्यायचं, पंख्याचा शाफ्ट बाहेर जातो तिथलं. पाण्याखाली फूटभर असलेल्या इंचभर भोकातून मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. ताशी १९०० लिटरचा छोटा पंप मिनिटाला जेमतेम ३१ लिटर फेकतो, तेही बॅटरी भरलेली आणि जाळी साफ असेल तर. म्हणजे पंपाच्या भरवशावर फार तर काठ गाठता येईल.

बूच हातात घ्या. त्याचं रबरी वायसर अंगठ्याने दाबा. उन्हाने कडक झालेलं असेल तर कडेला केसासारख्या भेगा उघडतात. ते टाकून द्या. माझ्या हातून एकदा बूच लावायचंच राहिलं होतं. पायाला गार लागलं तेव्हा कळलं. कंबरभर पाण्यातच होतो, म्हणून निभावलं. तेव्हापासून बुचाला हात लावल्याशिवाय मी दोर सोडत नाही.

नळ्यांच्या गंजलेल्या क्लिपा बदला, जागा असेल तिथे दोन-दोन लावा. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॅकिंगच्या जोडातून, इंजिन चालू असताना थेंब थेंब आलं तर चालतं, धार लागली तर पॅकिंग बदला. आणि प्रत्येक भोकाशेजारी त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवा. नळी निखळली की तीच ठोकायची असते, तेव्हा शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

तळातल्या पाण्याला क्षुल्लक समजू नका. पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद तळात दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेसातशे किलो, दहा-बारा माणसांचं वजन. त्यात डॉल्फिन दिसला की सगळे एका अंगाला धावतात आणि होडी कलताच हे पाणीही तिकडेच धावतं.

म्हणून रोज सकाळी, पहिली माणसं चढायच्या आत, तळाची फळी उचला. रात्री कोरडा केलेला तळ ओला लागला तर बोट ओठाला लावून बघा. गोडं असेल तर पावसाचं, उपसून टाका. खारं लागलं तर पाणी शिरायची वाट सापडेपर्यंत एकही प्रवासी घेऊ नका.